आयसीपीचा आकडा आणि मेंदूमृत्यूचं निदान: न्यूरो आयसीयूत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

न्यूरो आयसीयूत नवीन आलेला रेसिडेंट किंवा नवीन सिस्टर पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न विचारतात. मॉनिटरवर आयसीपी (कवटीतला दाब) ८५ दिसतोय, एमएपी (सरासरी रक्तदाब) ८० आहे, म्हणजे मेंदूला रक्त जातच नाहीये. मग पेशंट ब्रेन डेड झाला असंच ना?

झालेला असू शकतो. पण या दोन आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही आणि लिहिता तर अजिबात येत नाही. कवटीतला दाब आपल्याला बेडपाशी बोलावतो. मृत्यूचं निदान होतं ते बेडपाशी उभं राहून, हाताने आणि डोळ्याने केलेल्या तपासणीतून. मधल्या वाटेवर आयसीपीचा उपयोग कुठे होतो आणि तो कुठे फसवतो, हे इथे क्रमाने लिहितो. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल आणि वरिष्ठांचा शब्द याच्या वर आहे, हे धरून चला. सगळे दाब मिलिमीटर पाऱ्यात दिले आहेत.

१. आधी गणित पक्कं करा

मोठ्या माणसाच्या कवटीला ताणायला जागा नसते. आत मेंदू, रक्त आणि पाणी, म्हणजे सीएसएफ. यातलं एक वाढलं की बाकीच्या दोघांना जागा सोडावी लागते. ती संपली की दाब झपाट्याने चढतो. आडव्या झोपलेल्या निरोगी प्रौढाचा आयसीपी साधारण ७ ते १५ असतो. डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटमध्ये २२ च्या वर गेला की उपचार वाढवायचे, असं २०१६ पासूनच्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

मेंदूत रक्त ढकलणारा दाब म्हणजे सीपीपी. एमएपीमधून आयसीपी वजा केला की तो मिळतो. एमएपी ९० आणि आयसीपी २५ असेल तर सीपीपी ६५, म्हणजे ठीक. आयसीपी ८८ झाला तर उरले २. आयसीपी एमएपीला जाऊन भिडला आणि तिथेच राहिला, तर कवटीतला रक्तप्रवाह थांबतो. मेंदूमृत्यूकडे जाणारी सर्वांत ओळखीची वाट हीच.

"तिथेच राहिला" हे शब्द विसरू नका. स्वीडनमधले न्यूरोसर्जन निल्स लुंडबर्ग यांनी १९६० साली व्हेंट्रिकलमधला, म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीतला, दाब सलग नोंदवून दाखवला होता. त्यात त्यांना अशा लाटा दिसल्या की दाब एकदम ५० ते १०० पर्यंत चढतो, पाच ते वीस मिनिटं वर राहतो आणि पुन्हा खाली येतो. त्यांना आपण प्लॅटो वेव्ह म्हणतो. अशा लाटेच्या माथ्यावर असलेला पेशंट जिवंत असतो आणि बऱ्याचदा वाचवता येतो. त्या क्षणाचा फोटो काढून कुणी "सीपीपी शून्य" म्हणून मोकळं झालं तर उपचाराची वेळ हातची जाते. आयसीपी चढलेला दिसला की पहिलं काम उपचाराचं: डोकं ३० अंश वर, मान सरळ, व्हेंटिलेटर आणि ट्यूब तपासा, सिनियरला फोन करा, ऑस्मोथेरपी (मेंदूतलं पाणी ओढून घेणारी औषधं), गरज पडली तर सीटी. मेंदूमृत्यूचा विचार त्यानंतर येतो.

२. आकडा खरा आहे का ते बघा

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते, म्हणून इथे जरा थांबतो.

ईव्हीडी, म्हणजे व्हेंट्रिकलमधलं पाणी बाहेर काढणारी नळी, असेल तर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) ट्रॅगसच्या पातळीला हवा. ट्रॅगस म्हणजे कानाच्या भोकापुढचा तो कूर्चेचा छोटा उंचवटा. बेड वरखाली केला, पेशंटची कूस बदलली, एक्सरेसाठी हलवलं, की पातळी पुन्हा लावायची आणि झिरो करायचा. ड्रेन चालू असताना मॉनिटरवर येणारा आकडा खरा आयसीपी नसतो. समजा ड्रेनचा थेंब ट्रॅगसच्या वर १५ सेंटिमीटरवर पडतोय. पाण्याचे १५ सेंटिमीटर म्हणजे पाऱ्याचे ११. पाणी वाहतंय तोवर मॉनिटर त्याच्या आसपासच दाखवणार. म्हणून आकडा लिहिण्याआधी ड्रेन बंद करा, थोडा वेळ थांबा, लहर स्थिर होऊ द्या, वाचा आणि मग विसरून न जाता ड्रेन पुन्हा उघडा.

आता एमएपीकडे बघा. आर्टेरियल लाइनचा (धमनीत घातलेल्या नळीचा) ट्रान्सड्यूसर बहुतेक ठिकाणी हृदयाच्या पातळीला असतो. पेशंटचं डोकं मात्र ३० अंश वर. हृदय आणि कान यांच्यात १५ सेंटिमीटरचा फरक असेल, तर मेंदूपाशी पोचणारा एमएपी मॉनिटरवरच्या आकड्यापेक्षा सुमारे ११ ने कमी असतो. मॉनिटरवर एमएपी ८०, आयसीपी ७०. सगळे म्हणतात सीपीपी १० आहे, अजून थोडं रक्त जातंय. प्रत्यक्षात कानापाशी एमएपी ६९ आहे आणि सीपीपी शून्याच्याही खाली. म्हणून सीपीपी काढायचा असेल तर दोन्ही ट्रान्सड्यूसर कानाच्या पातळीला घ्या आणि तसं घेतल्याचं चार्टवर लिहा. पुढच्या शिफ्टची सिस्टर ट्रान्सड्यूसर परत हृदयापाशी लावेल आणि सीपीपी आपोआप "सुधारलेला" दिसेल. हा गोंधळ एका ओळीच्या नोंदीने टळतो.

मेंदूच्या गरात बसवलेली बारीक केबल असेल तर पातळीचा प्रश्न नसतो. पण ती एकदा आत गेली की बहुतेक प्रकारांत पुन्हा झिरो करता येत नाही आणि दिवस जातील तसा आकडा थोडा सरकू शकतो.

मग लहर बघा. नीट चालणाऱ्या आयसीपीच्या लहरीत नाडीच्या प्रत्येक ठोक्याला तीन टोकं दिसतात, पहिलं सर्वांत उंच. मेंदू कडक होत जातो तसं दुसरं टोक पहिल्याच्या वर जातं. रक्तप्रवाह थांबत आला की लहरीची उंचीच कमी होते. अडचण अशी की कॅथेटरमध्ये गुठळी अडकली किंवा सुजेने व्हेंट्रिकल चिमटून त्याची भिंत कॅथेटरच्या भोकांना चिकटली, तरी लहर अशीच चपटी होते. मेंदू भयंकर सुजलेला आणि ईव्हीडी मात्र १२ दाखवतोय, असं त्यातूनच घडतं. सपाट लहरीवर विश्वास ठेवण्याआधी न्यूरोसर्जनला बोलवा. ईव्हीडी फ्लश करणं हे तुमचं काम नाही.

३. एका आकड्याऐवजी दिवसभराचा आलेख वाचा

मेंदूमृत्यूकडे जाणाऱ्या पेशंटचा आलेख बहुतेक वेळा एक गोष्ट सांगतो. आधी आयसीपी उपचाराला दाद देत नाही. मग बीपी एकदम उसळतं, नाडी मंदावते. मेंदूच्या खोडावर (ब्रेनस्टेमवर) दाब आल्याची ही खूण, कुशिंग रिस्पॉन्स. बाहुल्या मोठ्या होतात आणि प्रकाशाला हलत नाहीत. काही वेळात बीपी कोसळतं, कारण रक्तवाहिन्यांना आवळून धरणारं केंद्रच काम करेनासं होतं. लघवीची पिशवी पाण्यासारख्या लघवीने भराभर भरू लागते आणि सोडियम चढतं, हा डायबेटिस इन्सिपिडस. खोकला जातो, सक्शन करताना पेशंट काहीच करत नाही. हे बऱ्याचदा सिस्टरच्या सर्वांत आधी लक्षात येतं. ते लगेच सांगा, राउंडची वाट बघू नका.

याच टप्प्यावर एक फसवी गोष्ट घडते. बीपी कोसळलं की आयसीपीही त्याच्या मागोमाग उतरतो, कारण आता कवटीतला दाब बीपीच्या आधाराने उभा असतो. सकाळी ९५ असलेला आयसीपी संध्याकाळी ५५ दिसतो. बाहेरून आलेला मुलगा काचेतून तो आकडा बघतो आणि विचारतो, "डॉक्टर, प्रेशर उतरलं ना? सकाळी जास्त होतं." त्याला कुणीतरी आधी सांगितलेलं असतं की हा आकडा कमी व्हायला हवा. अशा वेळी "हो, थोडं कमी आहे" हे उत्तर खोटं नसलं तरी क्रूर आहे. एमएपीही ५० वर आलाय, सीपीपी शून्याखालीच आहे, हे तुम्हाला समजलेलं असलं पाहिजे. त्याला मात्र इतकंच सांगा: "हा आकडा उतरला म्हणजे सुधारणा झाली असं नाही. मोठे डॉक्टर तुमच्याशी बसून बोलणार आहेत." आणि ते बसून बोलतील याची खरोखर व्यवस्था करा.

सीपीपी किती वेळ शून्य राहिला म्हणजे मेंदू पूर्ण मेला, यावर सर्वमान्य असा तासांचा आकडा नाही. म्हणून कायद्यात आयसीपी नाही आणि प्रोटोकॉलमध्येही तो एकटा कधी उभा राहत नाही.

४. आयसीपी कमी असूनही मेंदूमृत्यू

उलटंही घडतं, आणि ते माहीत नसलं तर निदान रखडतं. कवटीचा तुकडा काढलेला असेल, म्हणजे डीकॉम्प्रेसिव्ह क्रेनिएक्टमी झाली असेल, तर सुजलेल्या मेंदूला बाहेर यायला वाट असते. मोठं फ्रॅक्चर, चालू ईव्हीडी, टाळू न भरलेलं बाळ, इथेही आयसीपी एमएपीपर्यंत चढेलच असं नाही. मेंदूच्या खोडात किंवा छोट्या मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर वरच्या कप्प्यात बसवलेला कॅथेटर खालच्या कप्प्याची अवस्था पूर्ण सांगत नाही. हृदय बंद पडून मेंदूला ऑक्सिजन न मिळालेल्या पेशंटकडे तर बहुतेक वेळा आयसीपीचा कॅथेटर नसतोच.

यातून दोन नियम निघतात. चढलेला आयसीपी म्हणजे मेंदूमृत्यू नाही आणि न चढलेला आयसीपी मेंदूमृत्यू नाकारत नाही. शिवाय, केवळ मेंदूमृत्यू ठरवायचा म्हणून कुणाच्या मेंदूत नवा कॅथेटर घालायचा नाही. आपल्या राज्यातल्या अनेक सरकारी आणि तालुक्याच्या रुग्णालयांत आयसीपी मोजायची सोय नाही आणि त्यावाचून तिथे मेंदूमृत्यूचं निदान अडत नाही.

मग कॅथेटर आधीच असेल तर उपयोग काय? माझ्या मते तीन ठिकाणी. कोमाचं कारण दुरुस्त न होणारं आहे याला सीटीबरोबरचा आधार म्हणून. औपचारिक तपासणी कधी सुरू करायची याचा अंदाज म्हणून. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, धोक्याची घंटा म्हणून. बाहुल्या, खोकला, श्वास सगळं गेलंय, पण कवटी अखंड आहे, ड्रेन बंद आहे, लहर छान तीन टोकांची आहे आणि सीपीपी ६५ आहे, तर थांबा. काहीतरी जुळत नाही. औषध, तापमान, खोडापुरतंच नुकसान, नाहीतर खोटा आकडा. कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

५. तपासणीआधी औषधांचा हिशेब

ज्यांना आयसीपी मॉनिटर असतो, नेमक्या त्याच पेशंटना आयसीपी उतरवण्यासाठी थायोपेंटोन, मिडाझोलाम, फेंटानिल, स्नायू शिथिल करणारी औषधं, कधी थंड करणं असे उपचार मिळालेले असतात. यातली प्रत्येक गोष्ट मेंदूमृत्यूची नक्कल करू शकते. थायोपेंटोनची इन्फ्युजन बंद केल्यावर ते शरीरात कितीतरी वेळ रेंगाळते.

म्हणून ड्रग चार्ट हातात घेऊन बसा. कुठलं औषध, किती, शेवटचा डोस किती वाजता. मूत्रपिंड आणि यकृत नीट असेल तर किमान पाच अर्धआयुष्यं जाऊ द्यायची. नीट नसेल तर त्याहून जास्त. स्नायूंचं औषध उतरलं की नाही हे ट्रेन ऑफ फोरने, म्हणजे मज्जातंतूला विजेचे चार हलके झटके देऊन, बघा. शरीराचं तापमान ३६ च्या वर आणा, सिस्टोलिक बीपी १०० च्या वर ठेवा, साखर आणि सोडियम आवाक्यात आणा. डायबेटिस इन्सिपिडस झालेल्या पेशंटचं सोडियम रात्रीतून कुठल्या कुठे जातं, तेव्हा सकाळच्या रिपोर्टवर दुपारची तपासणी करू नका.

औषधांचा अंमल उतरला की नाही याची खात्रीच होत नसेल, तर रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी मदतीला येते: चार रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी, आयसोटोप स्कॅन किंवा ट्रान्सक्रॅनियल डॉपलर. डॉपलरवर प्रवाह पुढेमागे हेलकावताना किंवा नुसती बारीक टोकं दिसतात. आयसीपी या तपासण्यांची जागा घेत नाही.

६. बेडपाशी

तपासणी तुम्ही करणार नाही, पण शेजारी उभे असाल. कपाळावर, जबड्याच्या सांध्यावर दाब देऊन चेहऱ्यावर हालचाल येते का, बाहुल्या, कॉर्नियाला कापूस लावल्यावर पापणी, डोकं फिरवल्यावर डोळे, कानात गार पाणी सोडल्यावर डोळे, घशात आणि श्वासनलिकेत सक्शन कॅथेटर. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी. मानेचं फ्रॅक्चर असेल तर डोकं फिरवायचं नाही. कानात रक्त किंवा मळ असेल तर गार पाण्याआधी बघून घ्यायचं. हातपाय किंचित हलले तर घाबरू नका. ते मज्जारज्जूतून येऊ शकतं. अर्थ तज्ज्ञ लावतील.

श्वासाची चाचणी, म्हणजे ॲप्निया टेस्ट, नेहमी शेवटी. त्याचं कारण आयसीपीशीच जोडलेलं आहे. व्हेंटिलेटर काढल्यावर कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि ज्या मेंदूत थोडा जीव उरला आहे त्यात आयसीपी आणखी चढतो. बाकीचे रिफ्लेक्स शाबूत असताना ही चाचणी करणं म्हणजे पेशंटला इजा करणं.

आधी दहा मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन. पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) ३५ ते ४५ च्या दरम्यान आणून एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी. मग व्हेंटिलेटर काढून ट्यूबमधून कॅथेटरने ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि छाती-पोट उघडं ठेवून सलग आठ ते दहा मिनिटं बघत राहायचं. नजर मॉनिटरवर नको, छातीवर हवी. शेवटच्या एबीजीत पीसीओटू ६० किंवा जास्त आणि सुरुवातीपेक्षा निदान २० ने वर, आणि श्वासाचा एकही प्रयत्न नाही, तर चाचणी मेंदूमृत्यूच्या बाजूने. बीपी पडलं, सॅच्युरेशन घसरलं किंवा ठोके बिघडले, तर एबीजी घेऊन लगेच परत जोडायचं. व्हेंटिलेटर जोडलेला ठेवून "ट्रिगर होतोय, म्हणजे श्वास घेतोय" असं म्हणू नका. ट्रिगर फार संवेदनशील ठेवला असेल तर हृदयाच्या ठोक्यानेही मशीन सुरू होतं.

७. कायद्याची बाजू

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. तो सर्वांत आधी लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. ४ फेब्रुवारी १९९५ ला, हिमाचल प्रदेशाबरोबर. हा कायदा मेंदूच्या खोडाचा मृत्यू मानतो. प्रमाणपत्र चौघांचं: रुग्णालयाचे प्रभारी डॉक्टर, मान्य यादीतले स्वतंत्र तज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन आणि उपचार करणारे डॉक्टर. न्यूरोतज्ज्ञ नसतील तर २०११ च्या दुरुस्तीने भूलतज्ज्ञ किंवा इंटेन्सिव्हिस्टसारख्या पर्यायाची सोय केली आहे. प्रत्यारोपणाच्या टीममधलं कुणीही यात चालत नाही. सगळ्या चाचण्या दोनदा, मध्ये किमान सहा तास. २०१४ च्या नियमांतला फॉर्म १० भरायचा. त्या फॉर्ममध्ये बाहुल्यांपासून ॲप्नियापर्यंत सगळ्याला रकाना आहे. आयसीपीला नाही.

संभाव्य पेशंट दिसला की ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला कळवायचं. ते पुढे झेडटीसीसीशी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राशी, बोलतात. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार केंद्रं आहेत. नातेवाइकांपाशी दानाचा विषय तुम्ही काढू नका. आधी मृत्यू समजू दे. "कोमात आहेत" किंवा "मशीनवर जिवंत ठेवलंय" असे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. "मेंदूचा मृत्यू झाला आहे, म्हणजे त्या गेल्या आहेत. हृदय मशीन आणि औषधांमुळे चालू आहे." इतकं साधं सांगितलेलं लोकांना कळतं, आणि तेच पुन्हा पुन्हा विचारलं तर तितक्याच शांतपणे पुन्हा सांगायचं.

८. केसपेपरवर काय लिहाल

तासागणिक आयसीपी, एमएपी, सीपीपी. प्रत्येक नोंदीपुढे ट्रान्सड्यूसरची पातळी आणि ड्रेन बंद होता की चालू. लहरीची स्ट्रिप छापून वेळेसह चिकटवा. बाहुल्यांचा आकार मिलिमीटरमध्ये. झोपेच्या आणि स्नायूंच्या औषधांचा शेवटचा डोस वेळेसह. "ब्रेन डेड" हा शब्द फॉर्म १० वर चारही सह्या होईपर्यंत तुमच्या नोंदीत नको. "खोडाचे रिफ्लेक्स आढळले नाहीत, सिनियरना कळवले" इतकंच लिहा.

अपघाताची केस असेल तर ती मेडिकोलीगल आहे. पोलिसांना कळवल्याची नोंद बघा, आणि सगळं संपल्यावरसुद्धा आयसीपीचा कॅथेटर किंवा ईव्हीडी स्वतःहून काढू नका. तो जागेवर ठेवायचा की काढायचा, हे फॉरेन्सिकचे डॉक्टर सांगतील.